डांबर संपतं तिथून पुढे

(कार्यकर्त्यांच्या वाहन-प्रशिक्षण शिबिरात दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



काल रात्री जेवणं झाल्यावर आपण एकमेकींची ओळख करून घेत होतो, तेव्हा आपल्यातली एक म्हणाली, "मला गाडी येते. लायसन्सला सहा वर्षं झाली. पण डांबर संपलं की मी खाली उतरते आणि स्टिअरिंग भावाकडे देते." सगळ्या हसलो. मग मी हात वर करायला सांगितले. बावीसजणींपैकी चौदाजणींकडे लायसन्स निघालं, आणि कच्च्या वाटेवर स्वतः गाडी घातलेली निघाली एकच. तीही ट्रॅक्टरवाली, वडलांच्या शेतात शिकलेली. त्यानंतर फारसं कुणी हसलं नाही.

कारण आपलं काम सगळं डांबराच्या पलीकडेच आहे. आम्ही अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात काम करतो. तिथे मोठ्या रस्त्यावरून वाडीवर जायचं म्हणजे शेवटचे तीन-चार किलोमीटर मुरूम, दगड, नाहीतर भातखाचराच्या कडेची बैलगाडीची वाट. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली, पुष्कळ रस्ते झालेही. पण रस्ता गावात येऊन थांबतो, आणि ज्या बाईचा फोन येतो ती बहुतेक वेळा वाडीवर असते.

माझी गोष्ट सांगते. सांगायला बरी वाटत नाही, पण इथे नाही सांगायची तर कुठे? काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये रात्री दहाला एका वाडीवरून फोन आला. नवऱ्यानं बायकोला दोन पोरांसकट बाहेर काढलं होतं. ती देवळाच्या ओसरीत बसली होती, पाऊस चालू होता. आमच्या अंगणात जीप उभी होती. किल्ली खिळ्याला होती. माझ्या पर्समध्ये लायसन्स होतं. आमचे ड्रायव्हरदादा दिवसभर गाडी चालवून घरी गेले होते, तापानं फणफणले होते. त्यांचा काही दोष नाही. मी गाडी काढली, डांबर संपेपर्यंत गेले, दिव्यांच्या उजेडात ती चिखलाची वाट पाहिली आणि गाडी वळवून परत आले. सकाळी आठला दुसरा ड्रायव्हर घेऊन पोचलो तेव्हा ओसरी रिकामी होती. दीर येऊन तिला घरी घेऊन गेले होते. त्या रात्री घरात काय झालं ते तिनं आम्हाला दोन वर्षांनी सांगितलं.

आता यातून "बाईनं घाबरू नये, घालायची होती गाडी" असा अर्थ काढू नका. त्या रात्री मी गाडी घातली असती तर ओढ्यात अडकले असते आणि मला काढायला चार माणसं लागली असती. परत आले ते बरोबरच होतं. चूक आधीच्या पाच वर्षांतली. त्या पाच वर्षांत कोरड्या दिवसांचे कितीतरी रविवार होते. त्यांतल्या एकाही रविवारी मी ती वाट स्वतः चालवून पाहिली नव्हती. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की कच्च्या वाटेवरची पहिली फेरी अशा दिवशी करा, ज्या दिवशी पलीकडे कुणीही तुमची वाट पाहत नाही. दिवसाउजेडी, कोरड्या वाटेवर, दोन गाड्या घेऊन. कुणी वाट पाहत असलं की वाटेकडे धड पाहिलं जात नाही.

निघण्याआधीचं थोडक्यात सांगते. टायर, स्टेपनी, तेल, पाणी तुम्ही काल तपासायला शिकलात. कच्च्या वाटेसाठी त्यात भर म्हणजे फावडं, जाडजूड फळी, दोन-चार रिकामी गोणपाटं, एक जुनी गोधडी, ओढायचा मजबूत पट्टा, हवा मोजायचं मीटर आणि बॅटरीवर चालणारा हवा भरायचा पंप. हे सगळं बांधून ठेवायचं. सुटी पहार गाडीत उसळते तेव्हा ती हत्यारच असते. आणि दोन माणसांना सांगून निघायचं की कुठून जाणार, कधी परतणार, किती वाजेपर्यंत आलो नाही तर शोधायला निघायचं. डोंगराआड गेलं की मोबाइलची रेंज जाते, नकाशा दाखवणारा फोनही गप्प होतो.

आणखी एक, जे कुठल्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सांगत नाहीत. आपण बायका प्रवासाला निघताना पाणी पीत नाही, लघवीला कुठे जायचं म्हणून. उन्हात, हिसके खात तीन तास गाडी चालवताना घसा कोरडा पडला की डोकं दुखतं आणि निर्णय चुकतात. भरपूर पाणी प्या. दर तासाला गाडी थांबेल. बायकाच बरोबर असण्याचा एवढा तरी फायदा घ्या. साडीवर चालवता येतं, मी चालवते, निऱ्या नीट खोचायच्या. पण पायात चप्पल नको, पट्ट्याची सँडल किंवा बूट हवा. ओढणी बांधून टाका.

सीटचं बघा. जीप बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाच फूट आठ इंचांचा पुरुष असतो. आपल्यातल्या निम्म्याजणींना बॉनेटच्या पुढची दहा-बारा फूट जमीन दिसतच नाही. बुडाखाली घट्ट उशी घ्या, सीट पुढे ओढा. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पट्टा लावायचाच, ताशी दहाच्या वेगालासुद्धा, कारण कच्च्या वाटेवर गाडी कलंडते ती हळूच कलंडते.

आता हात. डांबरावर आपण स्टिअरिंगला अंगठ्यानं विळखा घालतो. कच्च्या वाटेवर अंगठे कडेवर वरच ठेवायचे. पुढचं चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग एकदम फिरतं आणि आतला अंगठा पिरगाळला जातो. पॉवर स्टिअरिंगमध्ये हे कमी होतं, पण आमच्या जुन्या जीपनं मला पंधरा दिवस भाकरी थापू दिली नव्हती. (घरात सगळ्यांना अचानक भाकरी यायला लागली, ही त्यातली चांगली बाजू.)

चारही चाकांना ताकद देणारा जो छोटा दांडा आहे त्याबद्दल काल बरेच प्रश्न आले. साधं लक्षात ठेवा. डांबरावर दोन चाकांवर. डांबर संपलं, चिखल-वाळू-खडी आली की फोर-एच. मोठा चढ, मोठा उतार, दगडांची पायरी आली की फोर-एल, आणि ते गाडी पूर्ण थांबवून टाकायचं. जुन्या जीपला पुढच्या चाकांच्या तोंडावर हातानं फिरवायचे खटके असतात. ते आधी उतरून फिरवले नाहीत तर आत दांडा कितीही ओढा, पुढची चाकं ओढत नाहीत. आणि कोरड्या डांबरावर फोर-एच लावून पळवू नका. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधले गिअर त्याचा ताण खातात आणि खर्च संस्थेच्या नावावर पडतो. मुख्य म्हणजे हा दांडा अडकल्यावर ओढायचा नाही, अडकायच्या आधी ओढायचा.

या खालच्या गिअरच्या मुळाशी एक बाई आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्यानं बनवलेली तीनचाकी मोटार काढून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. शंभर किलोमीटरहून जास्त अंतर, आणि तेव्हा मोटारींसाठी रस्ते कुठले? सगळ्या घोडागाड्यांच्या वाटा. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं साफ केली, इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, ब्रेकला चांभाराकडून कातडं लावून घेतलं. चढावर गाडी दमायची तेव्हा पोरं ढकलायची. परतल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक खालचा गिअर हवा, आणि तो बसवला गेला. कार्ल बेंझचं नाव जगभर झालं. पण ती मोटार लांब पल्ल्याला चालते हे दाखवलं ते बेर्थानं, आणि तेही खराब वाटेवर.

असो. वाटेवर येऊ.

सगळ्यात मोठं कौशल्य म्हणजे थांबून खाली उतरणं. पुढचं दिसत नसेल, चढाच्या टोकापलीकडे काय आहे कळत नसेल, तर हँडब्रेक, गिअर, इंजिन बंद, आणि चालत जाऊन बघायचं. पुरुष मंडळी हे टाळतात, उतरणं म्हणजे हार वाटते त्यांना. आपल्याला वाटेनं पायी जायची सवय आहेच. पाणी आणताना, सरपण आणताना आपण कुठला दगड हलतो ते पायानं ओळखतो. तीच ओळख इथे कामाला येते. चालताना ठरवायचं की माझं डावं चाक कुठून जाईल, उजवं कुठून जाईल.

मोठा धोंडा आला की नवशिकी त्याला दोन्ही चाकांच्या मध्ये घेते. असं करू नका. गाडीच्या पोटाखाली, मागच्या आसाच्या मधोमध लोखंडी गोळा असतो. सगळ्यात खाली तोच. धोंडा तिथे आदळतो. धोंड्यावर सरळ टायर चढवा, हळूहळू. टायर चढला की पोटही वर उचललं जातं. उद्या सकाळी प्रत्येकीनं गाडीखाली सतरंजी टाकून आडवं होऊन तो गोळा हातानं चाचपायचा आहे. एकदा हात लावला की मग विसरत नाही.

बैलगाडीच्या वाटेला दोन खोल चाकोऱ्या असतात आणि मध्ये वरंबा. आपण चळवळीत "चाकोरी सोडा, चाकोरी सोडा" म्हणतो. इथे मात्र बघून ठरवायचं. चाकोरी उथळ असेल तर त्यातूनच जा, गाडी आपोआप सरळ राहते. खोल असेल तर पोट वरंब्याला टेकून चाकं लोंबकळतात. मग एक बाजू वरंब्यावर आणि दुसरी बाजू कडेवर घेऊन चालवायचं. आणि एकदा चाकोरीत चाक गेलं की स्टिअरिंग जोरानं वळवून बाहेर काढू नका. चाकं वळलेली राहतात, गाडी सरळच जाते आणि पुढे चाकोरी संपली की एकदम उडी मारून शेतात शिरते. चाकं सरळ आहेत ना, हे मधूनमधून खिडकीतून डोकावून बघायचं.

चढ सरळ चढायचा, उतार सरळ उतरायचा. तिरपं जाणं पायी चालताना सोपं पडतं, गाडीला ते धोक्याचं असतं. आडव्या उतारावरच गाड्या कलंडतात. चढताना मध्येच इंजिन बंद पडलं तर सगळ्यांना वाटतं गाडी वळवून खाली यावं. तसं मुळीच करायचं नाही. ब्रेक घट्ट दाबा, हँडब्रेक ओढा, श्वास घ्या. रिव्हर्स गिअर टाका, इंजिन चालू करा आणि आलात त्याच रेषेत सरळ मागे या. हे आपण उद्या मुद्दाम करून बघणार आहोत. छोट्या चढावर मी स्वतः गाडी बंद पाडायला सांगेन.

उतरताना फोर-एलचा पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण बाजूला, ब्रेक अगदी हलका. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पहिल्यांदा भीती वाटते, पाय आपोआप क्लचवर जातो. क्लच दाबलात की इंजिनानं धरलेला हात सुटला, गाडी घरंगळलीच. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करायची एक सवय आपल्याकडे आहे, घाटात रोज दिसते. ती डांबरावरही वाईट आणि इथे तर जिवावर बेतणारी.

आता पाणी. इथे मी थोडी कडक बोलणार. साचलेलं पाणी असेल तर आधी काठी घेऊन चालत जायचं. गुडघ्यापर्यंत आलं की तिथेच बेत रद्द. त्याखाली असेल आणि तळ दगडाचा असेल तर खालचा गिअर, एकसारखा हळू वेग, मध्ये गिअर बदलायचा नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत चालू करायचं नाही, आत पाणी गेलेलं असलं तर इंजिन मोडतं. दोरी लावून बाहेर ओढायचं. बाहेर आल्यावर थोडं अंतर हलका ब्रेक दाबत जायचं, म्हणजे ब्रेक वाळतात.

वाहतं पाणी असेल तर जायचंच नाही. फरशी पुलावरून पाणी चाललं आहे, पलीकडून एक मोटारसायकलवाला आला, काठावरची माणसं म्हणतात "जाईल बाई, जाईल." जायचं नाही. दोन फूट वाहतं पाणी मोठी गाडीसुद्धा उचलून नेऊ शकतं, आणि खालची फरशी जागेवर आहे की नाही ते गढुळात दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूलच पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. त्या चालवणारे तर रोज रस्त्यावर असणारे चालक होते. एखादी बाई पलीकडे रडत बसली असेल, तरी जायचं नाही. पोलिसांना ११२ वर कळवा, पलीकडच्या गावातल्या आशाताईला फोन करा, तिला कुणाच्या तरी घरात घ्यायला सांगा. अशा पन्नास वाड्यांतल्या एकेका भरवशाच्या बाईचा नंबर गाडीत कागदावर लिहून ठेवलेला असावा. त्या रात्री माझ्याकडे तो कागदही नव्हता.

चिखलाचं जरा जास्त सांगते, कारण अडकायचं तिथेच. काळ्या जमिनीचा चिखल आणि डोंगरातला तांबडा मुरूम यांत फरक आहे. मुरमावर पाऊस पडला तरी गाडी निघते. काळी माती टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत लोळ्यासारखा होतो. काळ्या रानातल्या पाणंदीवर मोठ्या पावसानंतर ऊन पडून दोन-तीन दिवस होईपर्यंत जाऊच नये. त्यात तुमचाही फायदा आणि शेतकऱ्याचाही, कारण एका जीपनं पाडलेल्या खड्ड्यांतून पुढं महिनाभर त्याला बैलगाडी न्यायची असते. मऊ जागी टायरची हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. ३०-३२ असेल तर २२-२४ पर्यंत आणा. पण मग वेग कमी ठेवायचा, वळण झटक्यात घ्यायचं नाही, आणि डांबराला लागण्याआधी हवा पुन्हा भरायची.

चाक फिरतंय आणि गाडी जागेवरच आहे असं वाटलं की लगेच अॅक्सिलरेटर सोडा. जितका जोर लावाल तितका खड्डा खोल. चाकं सरळ करा, आल्या मार्गानं मागे यायचा प्रयत्न करा. नाही झालं तर उतरा, चाकापुढची माती फावड्यानं उतरती काढा, खाली दगड, फांद्या, गोणपाट घाला. जॅक लावायचा तर खाली फळी घाला, नाहीतर गाडी वर यायच्याऐवजी जॅकच खाली जातो. जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही.

दुसऱ्या गाडीनं ओढायचं तर पट्टा चासीला पक्क्या बसवलेल्या हुकालाच लावा. बंपरला नाही, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला नाही. तो तुटून गोळीसारखा येतो. ताणलेल्या पट्ट्याच्या मधोमध ती जुनी गोधडी टाका, म्हणजे तुटला तरी उसळत नाही. आणि बाकी सगळ्यांनी लांब उभं राहायचं, पट्ट्याच्या लांबीपेक्षा लांब. शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर मागितला तर बहुधा मिळतो. डिझेलचे पैसे द्या. "सामाजिक काम आहे" म्हणून फुकट मागू नका.

गाडी अडकली की माणसं जमतात. कुठून येतात देव जाणे. आणि चालवणारी बाई असेल तर प्रत्येकाला बोलायचं असतं. "ताई, डावीकडं मारा." "अहो बाई, रेस द्या." "सरका, मी काढतो." मी पहिल्यांदा अडकले तेव्हा पाच जणांचं ऐकून पाच दिशांना स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी पार आसापर्यंत रुतवली. म्हणून आमच्या गटाचा नियम असा आहे की बाहेर उभी राहून खुणा करणारी एकच. ती समोर उभी राहते, चालवणारीला दिसेल अशी, आणि गाडीच्या वाटेतून बाजूला. हातानं खुणा, ओरडणं नाही. तिचा हात वर झाला की गाडी थांबली पाहिजे. जमलेल्या भाऊंना नमस्कार करून सांगायचं, "दादा, तुम्ही मागून ढकलायला थांबा, पण बोलणार ही एकटीच." बहुतेक ऐकतात. किल्ली मात्र काढून खिशात ठेवा. मदतीच्या उत्साहात कुणी आत जाऊन बसतं.

आणि कुठे जायचं नाही तेही ऐका. आमच्या भागात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. तिथे रस्ता सोडून गाडी घालायची नाही. डोंगरमाथ्यावरचे सडे उघडे-बोडके दिसतात, पण त्या पातळ मातीत पावसाळ्यात जे उगवतं ते चाकाखाली एकदा गेलं की पुन्हा सहज येत नाही. शहरातल्या हौशी मंडळींच्या जीपा रविवारी तिथे चिखल उडवायला येतात, ते आपलं काम नाही. पिकातून, बांधावरून नाही. पाणंद कुणी अडवली असेल तर भांडण गाडीनं सोडवू नका, तहसील कार्यालयात अर्ज करा.

शेवटी वळण्याबद्दल. उद्या प्रत्येकीनं एकदा तरी "मी इथून परत फिरते" असं म्हणायचं आहे. कारण द्यायची सक्ती नाही. बाकीच्यांनी "अगं, होईल की" म्हणायचं नाही. मी त्या रात्री परत फिरले आणि कितीतरी दिवस स्वतःला भित्री म्हणत राहिले. मग त्याच वाटेवर आठ रविवार गेले. आज त्या वाटेवर कुठला ओढा किती दगडांचा आहे, जूनमध्ये कुठपर्यंत गाडी जाते आणि कुठे गाडी लावून अर्धा तास चालायचं हे मला पाठ आहे. गेल्या पावसाळ्यात तिथून फोन आला तेव्हा मी गाडी ओढ्याच्या अलीकडे लावली आणि सहकारी मैत्रिणीबरोबर बॅटरी घेऊन साकवावरून चालत गेले. मध्यरात्रीच्या आत आम्ही चौघी परत गाडीत होतो, त्यात एक तीन वर्षांची.

उद्या साडेसहाला चहा, सातला निघायचं. दोन्ही गाड्यांत चार-चार जणी, बाकीच्या पायी, कारण खुणा करायला आणि दगड बघायला माणसं लागतातच. दर अर्ध्या तासानं बदलायचं. पहिली फेरी कालच्या त्या मैत्रिणीची. आणि आता उठताना सतरंजी कुणीतरी घडी करून गाडीत टाका, सकाळी तीच खाली अंथरायची आहे.